टाकळ्याचा चहा आणि आईचे डोळे

पालीच्या नाक्यावर मुंबईची एस.टी. यायची होती आणि आई माझ्याशी बोलत नव्हती. ती पिशवीशी बोलत होती. आमसुलं वर ठेवू की खाली, कुळथाच्या पिठाची पुडी फुटली तर काय, नाचणीचं पीठ त्या विमानातल्या लोकांनी काढून घेतलं तर काय, असं सगळं ती पिशवीलाच विचारत होती. माझा धाकटा भाऊ सुधीर टपरीवर चहा पीत उभा होता. आमचे हे आधीच पुढे गेले होते. रत्नागिरीला डिप्लोमा केलेला माणूस, मुंबईच्या गोदीत चार वर्षं काढलेली, आणि आता कोरियात जहाजं बांधतात तिथे पाइपांचं काम मिळालं होतं. मी मागून जाणार होते, एकटी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून.

गाडी आली तेव्हा आईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तिकडं गेलंस की आधी बांधावरचं काय खातात ता बघ. बाजाराचं काय, पैसे असले की कोणालाही मिळतं. बांधावरचं ज्याला ठाऊक, तो उपाशी मरत नाय."

मला रागच आला. बाकीच्यांच्या आया सांगतात, पोचलीस की फोन कर, जपून राहा, देवाचं नाव घे. आमची आई सांगते बांध बघ. ज्या देशाचे फोटो यांनी पाठवले होते त्यात वीस-वीस मजल्यांच्या इमारती होत्या, त्यात बांध कुठून आणायचा? मी पिशवी उचलून गाडीत चढले. मागे वळून बघितलं नाही, कारण जागा मिळाली ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीची.

हे लिहितेय ती आईच्या पडवीत बसून. गणपती परवा गेले, आरास अजून भिंतीला तशीच आहे. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांना, दोघांनाही सांगायचं आहे, कारण दोन्हीकडचे लोक मला एकच विचारतात, "तिकडे बरं आहे ना?" बरं आहे, बरं आहे म्हणून मी दमले. इथे आले की तिथलं बरं, तिथे गेले की इथलं बरं. या खेपेला मी आले ती एकाच कामासाठी. आईला या घरात यापुढे एकटीने राहता येईल की नाही, ते बघायला. सुधीर कळव्याला असतो. तो म्हणाला, "ताई, मी सांगितलं तर ती मला उडवून लावते. तू ये, तू डोळ्यांनी बघ, आणि तू ठरव. तू म्हणशील ते ती ऐकेल." मोठी असण्याचा एवढाच फायदा, वाईट काम आपल्या वाट्याला येतं.

पण आधी तिकडचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

आम्ही राहतो ते दक्षिणेला, कोजे नावाच्या बेटावर. पहिल्या दिवशी मला वाटलं, विमानाने मला फिरवून पुन्हा रत्नागिरीलाच आणून सोडलं की काय. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, खाडीत होड्या, रस्त्याच्या कडेला मासळी वाळत घातलेली. मग थंडी पडली आणि भ्रम गेला. तसली थंडी मी जन्मात बघितली नव्हती. हे सकाळी अंधारात जायचे, काळोख पडल्यावर यायचे. मी चार भिंतींत. टीव्हीवर माणसं काय बोलतात ते कळत नाही, दुकानात मीठ कुठलं आणि साखर कुठली ते कळत नाही. एकदा चहात मीठ पडलं, तर यांनी तो मुकाट्याने पिऊन टाकला. तेव्हा मला कळलं की हा माणूसही माझ्याइतकाच दमलेला आहे.

खाली घरमालकीण राहायची. तिला सगळे हालमोनी म्हणायचे, म्हणजे आजी. नवरा समुद्रात बुडून गेलेला, मुलगे राजधानीत. पाठ वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. ती मला खिडकीतून हाक मारायची आणि मला काही कळत नसूनही तासभर बोलायची. पहिला वसंत आला तशी एके सकाळी ती कमरेला पट्ट्याने स्पंजची एक उशी बांधून निघाली. जिथे बसेल तिथे ती उशी आपोआप तिच्याखाली यायची. मी खिडकीतून बघितलं आणि तिच्या मागोमाग निघाले. पुढे गेले तर भातखाचरांच्या कडेला अशा आणखी पाच-सहा म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या कमरेला उशी, हातात आखूड सुरी, बाजूला काळी पिशवी. बांधावर उकिडव्या बसून भाजी खुडत होत्या.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. कशासाठी रडले ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते, आईचं म्हणणं खरं निघालं म्हणून रडले. बांध होता.

त्या खुडत होत्या त्याला तिथे सुक म्हणतात. पान चुरगळून नाकाशी नेलं तर आपल्या दवण्याचा भाऊ, थोडा जास्त कडू. त्याचं सूप करतात, सोयाबीनचा आंबवलेला खमंग गोळा पाण्यात कालवून, त्यात उकळून. तांदळाच्या पिठात कुटून हिरवे गोळेही करतात, दिसायला आपल्या पातोळ्यांच्या नात्यातले. हालमोनीच्या मते या सुकाने बाईमाणसाच्या पोटातली थंडी जाते, रक्त सुधारतं, पाळीचं दुखणं कमी होतं, अन्न पचतं, आणि सुनेचं तोंडसुद्धा गोड होतं. शेवटचं तिने दुसऱ्या म्हातारीकडे बघून सांगितलं, त्यावरून त्या दोघींचं वाजलं. माझ्या अंगात तेव्हा रक्त कमी होतं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि त्या गोळ्यांनी पोट धोंड्यासारखं झालं होतं. गोळ्या चालूच ठेवल्या, वर हालमोनीचं सूप. पोट मोकळं झालं. पुढे तिथली लिपी वाचायला शिकले तेव्हा वाचलं की त्यात जीवनसत्त्वं आहेत, खनिजं आहेत, चोथा भरपूर आहे. चोथा हा आमच्या आईचाही देव. जगातली कुठलीही म्हातारी घ्या, कडू दिसलं की म्हणणार पोटाला चांगलं. आणि बहुतेक वेळा ते खरं असतं, याचाच जास्त राग येतो. लेक पोटात होती तेव्हा मात्र डॉक्टरणीने सांगितलं, हे आता बेताने. हालमोनीनेही ते ऐकलं, कुरकुरत.

मग माझी मजल वाढली. मला वाटलं, बांध आपल्याला कळला. दुसऱ्या वसंतात डोंगराच्या उतारावर मला नेच्याचे कोवळे कोंब दिसले, शेंडा बाळाच्या मुठीसारखा वळलेला. बाजारात तेच वाळवून विकायला असतात ते मी बघितलं होतं, कोसारी म्हणतात. मी ओंजळ-ओंजळ तोडून आणले, चिरले, लसणीची फोडणी दिली, आणि रानातलं आहे, घशाला खाजलं तर नको, म्हणून आईने दिलेली आमसुलं टाकली. शेवळं म्हणा, अळू म्हणा, सुरण म्हणा, खाजरं काहीही असलं की आमसूल नाहीतर चिंच, यापलीकडे आमच्या शिक्षणाची मजल नव्हती. वास खाली गेला. हालमोनी जिना चढून आली, झाकण उघडून बघितलं, आणि अख्खी कढई बेसिनमध्ये उपडी केली. तिने हात पोटावर ठेवला, डोळे पांढरे केले, जीभ बाहेर काढली. असं करून मला समजावलं की हे ताजं खाल्लं तर विष. ते आधी उकळायचं, पाणी फेकायचं, पुन्हा भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं, मग वाळवायचं, आणि खायचं तेव्हा पुन्हा भिजवून शिजवायचं. एवढं केल्यावर पानात पडते ती घासभर भाजी. मला मटणाची आठवण झाली, चव तशीच भारदस्त.

आईला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, "तिथल्या विषाला इथलं आमसूल कसं लागेल गो? त्या म्हातारीचे पाय धर." पुढे कितीतरी दिवस ती गावात सांगत होती, आमच्या शैलाला कोरियात एक आई मिळाली, तिने कढई ओतून दिली म्हणून पोरगी वाचली.

हालमोनीच्या घरात साधं पाणी कधी नसायचं. शेगडीवर एक मोठी किटली, तिच्यात तांबूस पाणी, भाजल्या कॉफीसारखा वास. येणाऱ्याला तेच, जेवताना तेच, नातवंडांना गार करून तेच. कितीतरी महिने मी ते पीत होते. एकदा किटली धुताना तळाच्या बिया हातात आल्या आणि मी त्या उजेडात धरल्या. बारीक, तपकिरी, चकचकीत, दोन्ही टोकांना तिरक्या कापल्यासारख्या. अहो, टाकळा. आपल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला, शाळेच्या वाटेवर, उकिरड्यावर, जिथे थुंकाल तिथे उगवतो तो टाकळा. कार्तिकात शेंगा वाळल्या की आम्ही पोरं त्या बिया एकमेकांच्या अंगावर फेकायचो. तिथे त्याची शेती करतात, बिया भाजून सुंदर पाकिटात घालून विकतात, आणि नाव काय, क्योलम्योंगजा. हालमोनीने बोटाने आपले डोळे मोठे करून दाखवले. या पाण्याने डोळे उजळतात म्हणे. पिकतं तिथे विकत नाही ही म्हण कोणी केली त्याला नमस्कार.

मी लगेच आईला फोन लावला. आपल्याकडचं काही तिथे मोलाचं निघालं की परदेशातल्या माणसाची छाती किती फुगते, ते गेलेल्यांनाच कळेल. सगळं सांगितलं. आई ऐकत होती. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "डोळ्याला चांगला म्हणतात?"

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं असं लोक म्हणतील. पण ती मिरचीचं लोणचं कसं टिकवायचं तेही तशाच आवाजात विचारते. मी सांगितलं, तिथे तसं मानतात, पण तो चहा आहे, औषध नाही. पोट साफ ठेवतो, झोप उडवत नाही, साखरेशिवाय छान लागतो, एवढं खरं. पुढे तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरलाही विचारलं. तो हसला, म्हणाला, लहानपणी आजीने मलाही पाजलाय, आणि बघा, मला चष्मा आहे. हेही मी आईला सांगितलं. तिने त्यातलं स्वतःला हवं तेवढंच ठेवून घेतलं.

त्या वर्षी तिने टाकळ्याच्या शेंगा गोळा केल्या, बिया झोडल्या, लोखंडी तव्यावर भाजल्या आणि डबा भरला. वाडीतल्या बायकांना बोलावून पाजला. शैलाचा चहा असं त्याचं नाव पडलं. दरवेळी फोनवर मी विचारायची, डॉक्टरकडे गेलीस का, सुधीरने सांगितलंय दिव्याभोवती कडं दिसतं म्हणून. ती म्हणायची, "चहा घेतंय ना मी. तुझ्या कोरियात डोळ्याला हाच पितात." माझीच बातमी माझ्याच तोंडावर. रत्नागिरीच्या डॉक्टरची वेळ घेतली की हिचं काहीतरी निघायचं. भात लावायचं आहे, शेजारणीकडे बारसं आहे, पाय मुरगळला आहे. सुधीर दोनदा नुसता तिला न्यायला म्हणून आला आणि आंब्याची पेटी घेऊन परत गेला.

यंदा आषाढात मी आले. लेकीला तिच्या बाबांकडे ठेवून आले. ती आता चौदा वर्षांची, हालमोनीशी फडाफडा बोलते आणि माझ्या आईशी फोनवर "आजी, बरी आहेस? मी बरी आहे" यापलीकडे तिचं मराठी जात नाही. मी घरात शिरले तेव्हा आई दारातच उभी होती. माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं माया. हात जरा जास्त वेळ फिरत होता.

पहिले दोन दिवस मी नुसती बघत होते. पोलिसासारखी बघत होते, आणि स्वतःच्या आईवर पाळत ठेवायची ही काय वेळ, असं वाटून जीव विटला होता. पण आई सफाईने वावरत होती. चूल, मोरी, विहिरीची पायरी, गोठ्याची जागा, सगळं पायाला पाठ. घावन उलटायचं तेव्हा काठाचा आवाज ऐकून उलटायची. भाताच्या पेजेत मीठ बरोबर. मी मनात सुधीरला सांगायचं वाक्य तयार केलं, अरे चांगली आहे ती, उगाच कशाला हलवायची तिला. खरं सांगते, त्या वाक्याने मला फार बरं वाटलं. ते वाक्य खरं असतं तर मीही मोकळी होणार होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तशी ती कोयती घेऊन गडग्यापलीकडे गेली आणि ओटी भरून टाकळा घेऊन आली. पाखडायचं सूप माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाली, "निवड."

टाकळा निवडणं हे आमच्याकडे पोरींचं पहिलं शिक्षण. कोवळी पानं तेवढी घ्यायची, देठ टाकायचे. मग उकळत्या पाण्यात एक वाफ, पाणी फेकून द्यायचं म्हणजे उग्रपणा जातो, मग लसूण, कांदा, वर ओलं खोबरं. पावसाळ्यात पोट बिघडतं, खोकला धरतो, अंगाला खाज सुटते, त्या सगळ्यावर ही भाजी, असं आई सांगायची. अंगावर गजकर्ण उठलं तर याचाच पाला वाटून लावायची. आणि निवडताना एक गोष्ट बघायचीच. टाकळ्यातच रानटाकळा उगवतो. रूप तेच, वास तसाच उग्र. पण टाकळ्याच्या पानाचं टोक गोल, बाळाच्या नखासारखं, आणि रानटाकळ्याचं अणकुचीदार. तो पोटात गेला तर बाधतो, म्हणून आमच्या घरी कोणी तोंडात घालत नाही. लहानपणी माझ्या हातून एखादं पान राहिलं तर आई हातावर चापट मारून म्हणायची, "गोल टोकाचा आपला, टोकदार तो परका. दिसत नाय तुला?"

मी सुपात हात घातला आणि पहिलीच काडी टोकदार निघाली. बाजूला केली. दुसरी गोल, तिसरी टोकदार. मग मी पाला पसरला. जवळजवळ निम्मा रानटाकळा होता. जी बाई चालता-चालता पायाने टाकळा ओळखायची, तिने निम्मा परका पाला ओटीत भरून आणला होता. बोटांना कळलं असतं म्हणावं, तर तिची बोटं आयुष्यभर राखेने भांडी घासून निबर झालेली. टोकदार पानं डाव्या मुठीत घेत गेले. मूठ भरली की पदराखाली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि नाक ओढायचं नाही म्हणून मी तोंडाने श्वास घेत होते. सुधीरला सांगायचं ते छान वाक्य तिथेच संपलं.

आई भिंतीला टेकून बसली होती, अंगणाकडे तोंड करून. बऱ्याच वेळाने म्हणाली, "किती निघाला गो?"

मी म्हटलं, "काय किती?"

"परका."

"दोन-चार काड्या."

"खोटं बोलतंस. एवढा वेळ लागत नाय तुला." मग म्हणाली, "गेली तीन वर्षं मी टाकळा खाल्ला नाय. दुपारी डाळ टाकायची आणि गप बसायचं. उगाच काय पोटात जायला नको. औंदा काढला तो तू आलंस म्हणून. म्हटलं, घरात डोळे हायत, निवडतील."

मला वाटत होतं मी तिच्यापासून लपवतेय. तीन वर्षं ती आमच्यापासून लपवत होती. फोनवर मी टाकळा खाल्लास का विचारलं की म्हणायची, कालच केला होता, लसूण जास्त झाली. मी मूठ उघडली आणि तिच्या पायाशी ठेवली. तिने तो पाला हाताने चाचपला, उचलून वास घेतला, आणि अंगणात भिरकावला. मग आम्ही दोघी रडलो. ती आधी थांबली. म्हणाली, "आता शिजव. भूक लागली."

त्यानंतर रत्नागिरीला नेलं तेव्हा ती मुकाट आली. काचबिंदू. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, ती परत यायची नाही. दुसऱ्यात मोतीबिंदूही आहे. तो काढता येईल, आणि रोज थेंब घातले, न चुकता घातले, तर आहे तेवढं राखता येईल. आईने डॉक्टरला विचारलं, "टाकळ्याचा चहा चालेल?" तो तरुण मुलगा होता, गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं चहा म्हणून चालेल का. तो म्हणाला, चहा म्हणून खुशाल घ्या आजी, थेंबाच्या ऐवजी नको. हेच मी इतकी वर्षं कोरियातून ओरडून सांगत होते. पण माझ्याकडे पांढरा कोट नव्हता.

घरी येऊन थेंब मी घालायला लागले. ती खाटेवर आडवी व्हायची, मी पापणी वर करायची. पहिल्यांदा तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "तू गेलंस की कोण घालणार?" उत्तर सुधीरकडे, कळव्याला होतं आणि तिलाही ते माहीत होतं. मी म्हटलं, माझ्याबरोबर चल कोरियाला. ती म्हणाली, "त्या म्हातारीला आणि मला एका घरात ठेवून तू कुठं पळशील?" शिवाय तिथे किती दिवस राहू देतील, तो प्रश्न होताच. सुधीरचा फोन आला तेव्हा मी फोन घेऊन अंगणात निघाले, तर आतून आई म्हणाली, "इथंच बोल. आणि त्याला सांग, येते म्हणून. पण गणपती होऊ दे. मी माझ्या गणपतीला पाठ दाखवून जाणार नाय."

मी सुधीरला तेवढंच सांगितलं. त्याला हवं तेच झालं होतं, तरी तो मलाच विचारत राहिला, नक्की ना ताई?

गणपतीला सुधीर, त्याची बायको स्वाती आणि मुलं आली. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी आम्ही बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. नांगर न लागता, परसात, कुंपणाला, गडग्यावर जे आपसूक येतं तेवढंच. आई, मी आणि स्वाती सूप मधे घेऊन बसलो. अळू, माठ, भोपळ्याचे वेल, दोडकी. आई देठ सोलत होती, ते हाताला जमतं. मधेच तिने स्वातीला विचारलं, "तुमच्याकडे टाकळा मिळतो काय गो?"

स्वाती म्हणाली, "मिळतो की. पावसाळ्यात बाजारात आदिवासी बायका घेऊन बसतात, जुड्या बांधून."

"टाकळा विकत?" आई बराच वेळ तेच धरून बसली. मग म्हणाली, "निवडलेला असतो?"

"नाही. घरी आणून निवडायचा."

"मग तू निवड," आई म्हणाली. "शैला तुला टोक दाखवील." मी उठून गडग्यावरून दोन्हींच्या काड्या आणल्या आणि स्वातीच्या तळहातावर ठेवल्या. गोल तो आपला, टोकदार तो परका. ती मुलगी नीट बघत होती. थेंब कसे घालायचे तेही तिने त्याच संध्याकाळी माझ्याकडून शिकून घेतलं.

उद्या सकाळी निघायचं. मुलांच्या शाळेसाठी परत गेलेला सुधीर गाडी घेऊन येईल, आई त्याच्याबरोबर कळव्याला, मी तिथून पुढे. बॅगा दोन आहेत, माझी आणि आईची. आईने तिच्या बॅगेत आमसुलं वर ठेवायची की खाली, यावर तासभर घातला. मी म्हटलं, आई, तिकडे गेलीस की आधी बांधावरचं काय खातात ते बघ. ती म्हणाली, "कळव्याला बांध कुठला, शैले?" मलाही त्या दिवशी पालीच्या नाक्यावर हेच म्हणायचं होतं, पण मी रागावून गाडीत चढले होते.

घर कुठे, असं मला आता कोणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगणार नाही, बेटाचंही नाही. जिथे आपल्या पानात पडायच्या आधी भाजी कोणीतरी निवडलेली असते, ते घर. कोणी कढई उपडी करून निवडतं, कोणी चापट मारून. माझ्यासाठी ते हालमोनीने केलं, तिच्याआधी आईने केलं. आईसाठी आता स्वाती करील. मी कोणासाठी केलं, तर एका आषाढात, एक सूपभर टाकळा.

आई अंगणात उभी आहे. दरवर्षी ती गडग्याच्या आत टाकळा येऊ देत नाही, कोवळा असतानाच उपटते, पायरीशी तर एक रोप दिसायचं नाही. यंदा तिला दिसलं नाही आणि मीही उपटलं नाही. शेंगा धरल्या आहेत. कार्तिकात त्या वाळून आपोआप फुटतील, बी अंगणभर पडेल. त्याला पेरावं लागत नाही, नांगर लागत नाही, माणूसही लागत नाही. पुढच्या आषाढात टाकळा उंबऱ्यापर्यंत येईल, त्यात निम्मा परका असेल, आणि घरात निवडायला कोणी नसेल.